रेडमाइनमध्ये प्रकल्प मागण्यांची मंजुरीप्रक्रिया कशी बसवावी

मध्यम आकाराच्या बहुतेक संस्थांमध्ये नव्या प्रकल्पाची मागणी ई-मेलने येते, तिच्यावर बैठकीत चर्चा होते आणि तोंडी होकार मिळाला की काम सुरू होते. तीन महिन्यांनी खर्चाचे बिल आल्यावर मात्र हा प्रकल्प नेमका कोणी, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटीवर मंजूर केला होता, याचे उत्तर कोणाकडेच नसते. प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर हाताशी असूनही असे घडते, कारण तेथे मंजूर झालेली कामे नोंदवली जातात, पण मंजुरीपर्यंतचा प्रवास नोंदवला जात नाही. तो प्रवास सॉफ्टवेअरमध्ये कसा बसवावा, हे या लेखात रेडमाइन या प्रकल्प व्यवस्थापन प्रणालीच्या आधाराने सांगितले आहे.

रेडमाइन निवडण्यामागे दोन कारणे आहेत. रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कवर बांधलेली ही मुक्तस्रोत प्रणाली 2006 पासून उपलब्ध आहे, आणि ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर वापरकर्त्यांच्या संख्येप्रमाणे परवाना शुल्क द्यावे लागत नाही. दुसरे म्हणजे तिच्यात मंजुरीसाठी वेगळे तयार बटण नाही. भूमिका, स्थिती आणि एका स्थितीतून दुसरीत जाण्याची परवानगी एवढ्याच साहित्यातून सगळे उभारावे लागते. त्यामुळे मंजुरीप्रक्रिया आतून कशी चालते हे येथे स्पष्ट दिसते, आणि ते एकदा कळले की जिरा, असाना किंवा अन्य कोणत्याही प्रणालीत तीच रचना उभारणे अवघड जात नाही.

आधी कागदावर ठरवायच्या गोष्टी

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी मंजुरीचा प्रत्येक टप्पा लिहून त्याच्यासमोर दोन गोष्टी नोंदवाव्यात. त्या टप्प्यावर कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले जाते आणि ते उत्तर कोण देतो, एवढेच लिहायचे आहे. ज्या टप्प्यासमोर प्रश्न लिहिता येत नाही, तो टप्पा काढून टाकावा. ‘त्यांच्याही नजरेखालून जाऊ दे’ हे टप्प्याचे कारण होऊ शकत नाही, कारण अशा व्यक्तीला मागणीची माहिती मिळण्यासाठी निरीक्षक म्हणून जोडले तरी पुरते. मंजुरीच्या साखळ्या लांबतात आणि मागण्या आठवडेच्या आठवडे पडून राहतात, त्यामागे प्रश्न नसलेले टप्पे हे मोठे कारण असते असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी पुणे, नाशिक आणि कोल्हापूर येथे कामकाज असलेली एक कंपनी घेऊ. तिच्या प्रक्रियेत तीन प्रश्न आहेत. मागणीतील माहिती पूर्ण आहे का, हे समन्वयक पाहतो. हे काम या वर्षी खरोखर आवश्यक आहे का आणि त्यासाठी आपल्याकडे माणसे आहेत का, हे विभागप्रमुख ठरवतात. पैसे कोणत्या खर्चशीर्षातून येणार आणि तेथे शिल्लक आहे का, हे वित्त विभाग सांगतो. एक लाख रुपयांपेक्षा कमी रकमेच्या मागण्या विभागप्रमुखांच्या पातळीवरच संपतात, तर त्यावरच्या सगळ्या मागण्या वित्त विभागापर्यंत जातात.

यातून चार भूमिका निघतात: अर्जदार, समन्वयक, विभागप्रमुख आणि वित्त. स्थिती आठ ठरतात: छाननी, माहिती हवी, विभागप्रमुखांकडे, वित्त विभागाकडे, मंजूर, प्रकल्प उघडला, नामंजूर आणि मागे घेतली. ‘विभागप्रमुखांकडे’ यासारखी नावे मी जाणीवपूर्वक सुचवतो. ‘प्रलंबित’ किंवा ‘प्रक्रियेत’ अशा नावांतून मागणी कोणाच्या टेबलावर आहे हे कळत नाही. स्थितीचे नाव वाचताच पुढचे पाऊल कोणी उचलायचे हे समजले पाहिजे, आणि एका स्थितीत ते एकाच भूमिकेने उचलायचे असले पाहिजे. पुढची सगळी रचना या एका नियमावर उभी आहे.

‘मसुदा’ ही स्थिती मी मुद्दाम ठेवलेली नाही. रेडमाइनमध्ये नोंद जतन झाली की ती पाहण्याचा अधिकार असलेल्या सर्वांना दिसते आणि तिची सूचनाही जाते. त्यामुळे मसुदा खासगी राहील ही अर्जदाराची अपेक्षा पूर्ण होत नाही. अपुरी मागणी आली तर ती ‘माहिती हवी’ मध्ये परत पाठवावी, तेवढे पुरेसे आहे.

मागण्यांसाठी स्वतंत्र प्रकल्प

रेडमाइनमध्ये ‘प्रकल्प मागण्या’ या नावाचा एक प्रकल्प तयार करावा आणि त्यात फक्त इश्यू ट्रॅकिंगचे (इश्यू म्हणजे नोंद) मॉड्यूल चालू ठेवावे. प्रत्येक विभागाच्या चालू प्रकल्पातच त्याच्या मागण्या नोंदवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास भूमिका विस्कळीत होतात, कारण रेडमाइनमध्ये भूमिका प्रकल्पागणिक दिली जाते. एका प्रकल्पात विभागप्रमुख असलेली व्यक्ती दुसऱ्या प्रकल्पात साधी सदस्य असू शकते. ही सोय पुढे एका नाजूक प्रश्नावर फार उपयोगी पडणार आहे.

या प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये इश्यू कॅटेगरीज हा भाग असतो. तेथे ‘माहिती तंत्रज्ञान’, ‘इमारत व देखभाल’, ‘प्रशिक्षण’ असे वर्ग तयार करून प्रत्येक वर्गासमोर संबंधित समन्वयक नेमून ठेवावा. अर्जदाराने वर्ग निवडला आणि असाइनी (नोंद ज्याच्या नावावर द्यायची तो) रिकामा सोडला, तर मागणी जतन होताना ती आपोआप त्या समन्वयकाच्या नावावर जाते.

भूमिका, स्थिती आणि ट्रॅकर

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन प्रथम इश्यू स्टेटसेस उघडावे आणि वरील आठ स्थिती तयार कराव्यात. नावे देवनागरीत देता येतात, मात्र स्थितीच्या नावाला 30 कॅरॅक्टरची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येकी एक कॅरॅक्टर मोजले जाते, म्हणून लांबलचक नावे टाळावीत. ‘प्रकल्प उघडला’, ‘नामंजूर’ आणि ‘मागे घेतली’ या तीन स्थितींपुढे ‘इश्यू क्लोज्ड’ ही खूण करावी. ‘मंजूर’ला ती करू नये. मंजुरी मिळाली म्हणजे मागणीचे काम संपले असे नाही. तिच्यातून प्रत्यक्ष प्रकल्प उघडला गेला की ते संपते, आणि मंजूर होऊनही न उघडलेले प्रकल्प उघड्या नोंदींच्या यादीत दिसत राहणे गरजेचे आहे.

त्यानंतर ट्रॅकर, म्हणजे नोंदीचा प्रकार. रकमेनुसार मार्ग बदलायचा असेल, तर मूळ रेडमाइनमध्ये ‘रक्कम अमुकपेक्षा जास्त असल्यास’ अशी अट घालता येत नाही. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे दोन ट्रॅकर: ‘लहान प्रकल्प मागणी’ आणि ‘मोठी प्रकल्प मागणी’. दोन्हींची सुरुवातीची स्थिती ‘छाननी’ ठेवावी. ट्रॅकरच्याच पानावर मूळ फील्डची यादी असते. तिच्यातील न लागणारी फील्ड, उदाहरणार्थ किती टक्के काम झाले हे दाखवणारे, तेथे बंद करावीत म्हणजे अर्जदारासमोर सुटसुटीत अर्ज येतो.

आता शंका अशी येते की तीन लाखांची मागणी कोणी लहान ट्रॅकरमध्ये भरली तर काय? येथे कस्टम फील्डची (आपण स्वतः जोडलेल्या माहितीच्या जागेची) एक सोय कामी येते. लहान ट्रॅकरसाठी ‘मागणी रक्कम (लहान)’ असे पूर्णांक प्रकारचे स्वतंत्र फील्ड तयार करून त्याची कमाल लांबी 5 ठेवावी. पाच अंकांत 99,999 च्या वर जाता येत नाही, म्हणजे एक लाखाची मर्यादा आपोआप सांभाळली जाते. मोठ्या ट्रॅकरला वेगळे फील्ड जोडावे. मर्यादा एक लाख किंवा दहा लाख अशी असेल तेव्हाच ही युक्ती चालते. मर्यादा अडीच लाखांसारखी असेल, तर ही तपासणी समन्वयकाच्या छाननीवर सोपवावी.

भूमिका तयार करताना परवानग्यांकडे बारकाईने पाहावे. अर्जदाराला नोंद करण्याची, शेरा लिहिण्याची आणि स्वतःच्या नोंदीत बदल करण्याची परवानगी द्यावी. विभागप्रमुख, वित्त आणि समन्वयक यांना बदलाची परवानगी लागते, पण नवी नोंद करण्याची परवानगी या तिघांना देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. नोंद खोडण्याची परवानगी कोणालाच देऊ नये. रेडमाइन प्रत्येक बदलाचा इतिहास नाव आणि वेळेसह ठेवते, तोच आपला पुरावा आहे, आणि नोंद खोडली की तो इतिहासही जातो.

अर्जदाराला फक्त स्वतःच्याच मागण्या दिसाव्यात की सगळ्यांच्या, हे भूमिकेच्या पानावरच ठरवता येते. मी सगळ्यांच्या दाखवण्याच्या बाजूने आहे. शेजारच्या विभागाने तीच यंत्रणा आधीच मागितली आहे हे दिसले तर दुहेरी मागण्या थांबतात, आणि नकाराची कारणे सर्वांना वाचता आली तर पुढच्या मागण्या अधिक नेमक्या होतात. रक्कम गोपनीय ठेवायची असेल तर केवळ त्या कस्टम फील्डची दृश्यता ठरावीक भूमिकांपुरती मर्यादित करता येते, त्यासाठी संपूर्ण मागणी लपवण्याची गरज नाही.

वर्कफ्लोची चौकट

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधील वर्कफ्लो या पानावर एक भूमिका आणि एक ट्रॅकर निवडला की चौकट उघडते. डावीकडे सध्याची स्थिती आणि वर पुढची स्थिती असते, आणि जेथे खूण केली तेवढेच बदल त्या भूमिकेला करता येतात. नव्या ट्रॅकरसाठी ही चौकट पहिल्यांदा उघडल्यावर आपण बनवलेल्या स्थिती दिसतच नाहीत आणि काहीतरी बिघडले असे वाटते. ‘या ट्रॅकरमध्ये वापरलेल्याच स्थिती दाखवा’ या अर्थाची एक खूण वर आधीपासून केलेली असते. ती काढून पुन्हा एडिट दाबले की सगळ्या स्थिती समोर येतात.

मुख्य चौकटीखाली आणखी दोन चौकटी मिटलेल्या असतात. पहिली नोंद करणाऱ्या व्यक्तीसाठी आणि दुसरी ती नोंद जिच्या नावावर आहे त्या व्यक्तीसाठी असते. बरेचजण त्या उघडूनही पाहत नाहीत, पण मंजुरीप्रक्रियेचा खरा बंदोबस्त या दोन चौकटींतच होतो.

अर्जदाराच्या भूमिकेसाठी मुख्य चौकटीत फक्त पहिल्या, म्हणजे नव्या नोंदीच्या ओळीत ‘छाननी’वर खूण करावी, म्हणजे मागणी थेट दुसऱ्या स्थितीत जन्माला येणार नाही. बाकीच्या खुणा नोंद करणाऱ्याच्या चौकटीत कराव्यात: ‘माहिती हवी’वरून ‘छाननी’कडे, आणि ‘छाननी’, ‘माहिती हवी’ व ‘विभागप्रमुखांकडे’ या तिन्हींवरून ‘मागे घेतली’कडे. यामुळे एका अर्जदाराला दुसऱ्याची मागणी मागे घेता येत नाही.

समन्वयकासाठी मुख्य चौकटीत ‘छाननी’वरून ‘माहिती हवी’ आणि ‘विभागप्रमुखांकडे’, तसेच ‘मंजूर’वरून ‘प्रकल्प उघडला’ एवढ्याच खुणा असाव्यात. समन्वयकाला ‘नामंजूर’ देऊ नये. मागणी अपुरी आहे हे सांगणे त्याचे काम आहे, ती अनावश्यक आहे हे सांगणे नाही.

विभागप्रमुखांच्या खुणा मात्र मुख्य चौकटीत न करता असाइनीच्या चौकटीत कराव्यात. मुख्य चौकटीत केल्या तर नाशिकच्या विभागप्रमुखांना कोल्हापूरची मागणीही मंजूर करता येईल, कारण भूमिका दोघांचीही तीच आहे. असाइनीच्या चौकटीत केल्यास मागणी ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच निर्णय घेता येतो. लहान ट्रॅकरमध्ये ‘विभागप्रमुखांकडे’वरून ‘मंजूर’, ‘नामंजूर’ आणि ‘माहिती हवी’, तर मोठ्या ट्रॅकरमध्ये ‘मंजूर’ऐवजी ‘वित्त विभागाकडे’ अशा खुणा कराव्यात. वित्त विभागात सहसा एकाच खात्यातील दोन-तीन माणसे कोणतीही मागणी हाताळतात, म्हणून त्यांच्या ‘मंजूर’, ‘नामंजूर’ आणि ‘माहिती हवी’ या खुणा मुख्य चौकटीत ठेवल्या तरी चालते.

‘माहिती हवी’ मधून मागणी परत आली की ती नेहमी ‘छाननी’कडेच जाते, थेट वित्त विभागाकडे नाही, हे येथे लक्षात आले असेल. हा मार्ग एका टप्प्याने लांब आहे हे खरे, पण वित्त विभागाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना अर्जदाराने रक्कम किंवा व्याप्ती बदललेली असू शकते, आणि बदललेल्या मागणीवर विभागप्रमुखांची जुनी संमती गृहीत धरणे योग्य नाही.

बंद प्रकारच्या तिन्ही स्थितींमधून बाहेर जाणारी एकही खूण कोणत्याही भूमिकेला देऊ नये. नामंजूर मागणी पुन्हा मांडायची असेल, तर तिची प्रत काढून नवी मागणी करावी. सेटिंग चालू असेल तर रेडमाइन मूळ नोंद आणि प्रत यांचा दुवा स्वतःच जोडते, त्यामुळे दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे वाचता येतात.

फील्डचे नियम

वर्कफ्लोच्याच पानावर फील्ड परमिशन्स हा दुसरा टॅब आहे. तेथे प्रत्येक स्थितीत एखादे फील्ड रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारे) की रिक्वायर्ड (भरणे सक्तीचे), हे भूमिकेनुसार ठरवता येते. आपल्या प्रक्रियेला मागणी रक्कम, मंजूर रक्कम, अपेक्षित लाभ, निर्णयाचे कारण आणि नव्या प्रकल्पाचा दुवा ही पाच कस्टम फील्ड पुरतात. अर्ज जितका लांब, तितकी उत्तरे पोकळ होतात. प्रत्येक टप्प्याचा प्रश्न सोडवायला जी माहिती लागते, तेवढीच मागावी.

मागणी रक्कम अर्जदाराला फक्त ‘छाननी’ आणि ‘माहिती हवी’ मध्ये बदलता यावी, बाकी सगळ्या स्थितींत ती रीड-ओन्ली असावी. मंजुरी देणाऱ्या भूमिकांना ती कधीच बदलता येऊ नये. नाशिकच्या गोदामातील साठा बारकोडने नोंदवण्यासाठी 3,80,000 रुपयांची मागणी आली आणि वित्त विभागाने 3,00,000 मान्य केले, तर ते ‘मंजूर रक्कम’ या वेगळ्या फील्डमध्ये दिसले पाहिजे. एकाच फील्डवर आकडा खोडून नवा लिहिला, तर इतिहासात तो शोधत बसावे लागते आणि मागितलेले किती व मिळालेले किती याचा अहवाल कधीच निघत नाही.

येथे नियम लागू होण्याची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. एका स्थितीतून दुसरीत जाताना रेडमाइन नव्याने निवडलेल्या स्थितीचा नियम पाहते, जुन्या स्थितीचा नाही. म्हणून ‘मंजूर रक्कम’ हे फील्ड ‘मंजूर’च्या रकान्यात मंजुरी देणाऱ्या भूमिकेसाठी रिक्वायर्ड ठेवावे. स्थिती बदलून ‘मंजूर’ निवडली की लगेच ते फील्ड अनिवार्य होते आणि आकडा भरल्याशिवाय नोंद जतन होत नाही. त्या रकान्यात चुकून रीड-ओन्ली ठेवले, तर मंजुरीच्या वेळी आकडा भरताच येणार नाही. ‘प्रकल्प उघडला’च्या रकान्यात मात्र ही सगळी फील्ड सर्व भूमिकांसाठी रीड-ओन्ली करावीत, फक्त ‘नव्या प्रकल्पाचा दुवा’ समन्वयकासाठी रिक्वायर्ड ठेवावा.

मूळ रेडमाइनमध्ये शेरा सक्तीचा करता येत नाही, म्हणून ‘निर्णयाचे कारण’ हे लांब मजकुराचे कस्टम फील्ड हवे. निर्णय घेणाऱ्या भूमिकांसाठी ते ‘नामंजूर’च्या रकान्यात रिक्वायर्ड ठेवावे, आणि ‘माहिती हवी’च्या रकान्यात ते समन्वयकासाठीही तसेच असावे. कारण न देता परत आलेली मागणी अर्जदाराला अपमानास्पद वाटते आणि पुढच्या वेळी तो सॉफ्टवेअर सोडून पुन्हा फोनकडे वळतो. हे एक फील्ड सक्तीचे केल्याने लोकांचा प्रक्रियेवरचा विश्वास टिकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

असाइनीचे फील्डही याच टॅबमध्ये सांभाळावे लागते. विभागप्रमुखांसाठी ‘विभागप्रमुखांकडे’च्या रकान्यात असाइनी रीड-ओन्ली ठेवला, की दुसऱ्या विभागाची मागणी स्वतःच्या नावावर घेऊन मंजूर करण्याची वाट बंद होते. ‘वित्त विभागाकडे’ आणि ‘माहिती हवी’ या रकान्यांत तो रिक्वायर्ड ठेवावा, म्हणजे पुढे पाठवताना असाइनी रिकामा सोडता येणार नाही.

स्वतःची मागणी स्वतःच मंजूर होऊ नये म्हणून

रेडमाइनच्या परवानग्या बेरजेने चालतात. एका व्यक्तीला एकाच प्रकल्पात दोन भूमिका असतील, तर तिला दोन्हींचे अधिकार मिळतात, आणि फील्डचे निर्बंध मात्र ते दोन्ही भूमिकांत असतील तरच लागू होतात. ‘नोंद करणाऱ्याला मंजुरी देता येऊ नये’ असा वजाबाकीचा नियम मूळ प्रणालीत नाही. नोंद करणाऱ्याची चौकट अधिकार वाढवते, कमी करत नाही. एखाद्या विभागप्रमुखाला अर्जदाराचीही भूमिका दिली, तर त्याने केलेली मागणी त्याच्याच नावावर आली की ती मंजूर करण्यापासून त्याला काहीच अडवत नाही.

म्हणूनच मंजुरी देणाऱ्या भूमिकांना नवी नोंद करण्याची परवानगी नाकारली आहे. विभागप्रमुखांनाही मागण्या कराव्या लागतातच, त्यासाठी ‘प्रकल्प मागण्या’खाली ‘विभागप्रमुखांच्या मागण्या’ असा उपप्रकल्प काढावा आणि वरच्या प्रकल्पातील सदस्य आपोआप घेण्याची खूण तेथे करू नये. या उपप्रकल्पात विभागप्रमुखांना फक्त अर्जदाराची भूमिका आणि संचालकांना विभागप्रमुखाची भूमिका द्यावी. ट्रॅकर, स्थिती आणि वर्कफ्लो तेच राहतात, बदलते ती फक्त माणसांची जागा. विभागप्रमुखांनी कनिष्ठ सहकाऱ्याच्या नावाने मागणी टाकायची हा मार्ग अनेक ठिकाणी वापरला जातो, पण त्याने नोंदीतील नावालाच अर्थ उरत नाही.

गट, रजा आणि सूचना

सेटिंग्जमध्ये गटाच्या नावावर नोंद देण्याची मुभा चालू करावी आणि व्यक्तींऐवजी गट वापरावेत. ‘मंजुरी – नाशिक’ या गटात विभागप्रमुख असतील आणि त्या गटालाच प्रकल्पात विभागप्रमुखाची भूमिका दिली असेल, तर ते रजेवर गेल्यावर त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या व्यक्तीला त्या गटात घातले की पुरते. असाइनीच्या चौकटीतील अधिकार गटातील सदस्यांनाही लागू होतात. निर्णय नोंदवणाऱ्याचे खरे नाव इतिहासात उमटते, त्यामुळे आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊन जाण्याचे काही कारण उरत नाही. रजा संपल्यावर ते नाव गटातून काढण्याची जबाबदारी समन्वयकावर लेखी सोपवावी.

स्थिती बदलली म्हणून असाइनी आपोआप बदलत नाही. अर्जदाराने ‘माहिती हवी’वरून ‘छाननी’ केली आणि असाइनी तसाच ठेवला, तर समन्वयकाच्या नावावरील यादीत ती मागणी येणारच नाही. यासाठी प्रत्येक भूमिकेला असाइनीवर नव्हे तर स्थितीवर आधारलेली जतन केलेली क्वेरी (अटी लावून गाळलेली यादी) द्यावी, उदाहरणार्थ ‘स्थिती : वित्त विभागाकडे, क्रम : सर्वांत जुनी आधी’. ही क्वेरी संबंधित भूमिकेला दिसेल अशी ठेवून प्रत्येकाच्या माय पेजवर लावून घ्यावी.

निर्णयाची अपेक्षित तारीख ड्यू डेटमध्ये लिहावी. रेडमाइनसोबत मुदत जवळ आलेल्या नोंदींची आठवण ई-मेलने पाठवणारे एक रेक टास्क (सर्व्हरवर आदेश देऊन चालवायचे काम) येते. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेत) ते रोज सकाळी चालेल असे लावून घ्यावे. ई-मेल सूचनांच्या सेटिंगमध्ये मात्र स्थितीतील बदल, असाइनीतील बदल, नवी नोंद आणि शेरा एवढेच चालू ठेवावे. प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी पत्र येऊ लागले की लोक सगळ्याच सूचना वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलून देतात.

एकाच वेळी दोघांचे मत हवे असेल तर

मोठ्या मागणीवर विधी सल्लागार आणि माहिती सुरक्षा या दोघांचे अभिप्राय हवे असतील, तर ते एकामागून एक स्थितींत बसवू नयेत. प्रत्येक अभिप्रायासाठी वेगळ्या ट्रॅकरची छोटी नोंद करून ती मूळ मागणीला ‘ब्लॉक्ड बाय’ या नात्याने जोडावी. अशी अडवणारी नोंद उघडी असेतोवर मूळ मागणीसाठी बंद प्रकारच्या स्थिती यादीत दिसतच नाहीत, म्हणजे ‘प्रकल्प उघडला’ निवडता येत नाही. यात दोन मर्यादा आहेत. अभिप्राय बाकी असताना ‘नामंजूर’ही निवडता येत नाही, कारण तीदेखील बंद स्थिती आहे. शिवाय प्रणाली अभिप्रायाची नोंद बंद झाली आहे का एवढेच पाहते, अभिप्राय अनुकूल होता की प्रतिकूल हे नाही. ते वाचण्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्याचीच राहते. समांतर मंजुरी रोजचीच असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटसारखी साधने अधिक सोयीची पडतात. तेथे सर्वांची संमती हवी की पहिल्याचे उत्तर पुरे, हे थेट निवडता येते.

चाचणी आणि सुरुवात

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने चाचणी करू नये. त्या खात्याला सर्व भूमिकांचे एकत्रित अधिकार मिळतात, त्यामुळे वर्कफ्लोमध्ये राहिलेली फट त्याला दिसूच शकत नाही. प्रत्येक भूमिकेसाठी एक चाचणी खाते करावे आणि आधी निषिद्ध गोष्टी करून पाहाव्यात: दुसऱ्याची मागणी मागे घेणे, दुसऱ्या विभागाची मागणी मंजूर करणे, कारण न लिहिता नामंजूर करणे, मंजुरीनंतर रक्कम बदलणे. यातील प्रत्येक प्रयत्न अडला, तरच सरळ मार्ग तपासायला घ्यावा.

जुन्या मागण्यांपैकी फक्त निर्णय बाकी असलेल्या मागण्या नव्या प्रणालीत आणाव्यात. निकाली निघालेल्या आणल्या तर त्यांच्या इतिहासात त्या आणणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख पडते, आणि पुरावा म्हणून तो इतिहास निरुपयोगी ठरतो. एका विभागापासून सुरुवात करून, ठरलेल्या तारखेनंतर ई-मेलवर आलेल्या मागणीला समन्वयकाने अर्जाचा दुवा पाठवून उत्तर द्यावे. त्या विभागात वरिष्ठांनी स्वतः पहिली मागणी प्रणालीतून केली, तर इतरांना वेगळे सांगावे लागत नाही.

मंजूर मागणीतून प्रकल्प उघडताना दरवेळी कोऱ्या पाटीने सुरुवात करू नये. सदस्य, टप्पे, वर्ग आणि ठरावीक कामे असलेला एक नमुना प्रकल्प तयार ठेवून त्याची प्रत काढावी, तिचा पत्ता मागणीत लिहावा आणि मग स्थिती ‘प्रकल्प उघडला’ करावी. मूळ मागणी नव्या प्रकल्पात हलवू नये, ती ‘प्रकल्प मागण्या’ मध्येच राहिली पाहिजे.

पहिल्या तिमाहीनंतर दोन क्वेरी काढून पाहाव्यात. पहिली, ‘माहिती हवी’ मध्ये पंधरा दिवसांहून अधिक काळ बदल न झालेल्या मागण्यांची. त्या एकाच वर्गातील असतील, तर त्या वर्गाच्या अर्जातील एखादा प्रश्न लोकांना कळत नाही असे समजून तो नव्या शब्दांत लिहावा. दुसरी, ‘मंजूर’ असूनही महिनाभर न उघडलेल्या प्रकल्पांची. ही यादी वित्त विभागाकडे पाठवावी, कारण त्या मागण्यांमध्ये अडकलेली रक्कम वर्षाचे अंदाजपत्रक बंद होण्यापूर्वी मोकळी करता येते.